छोट्या गाडीचं सर्व्हिसिंग: पहिल्यांदाच गाडी घेतलेल्यांसाठी खर्चाचा हिशेब

गाडी घेताना हप्ता किती, डाउन पेमेंट किती, ऑन-रोड किंमत किती, सगळं खोदून खोदून विचारलं होतं. वर्षाला गाडी किती खाईल, हे मात्र विचारायचं राहिलं. २०२० मध्ये घेतलेली माझी पेट्रोल वॅगनआर वीस हजार किलोमीटरला आली. पैसे भरून करायचं ते पहिलं सर्व्हिसिंग. संध्याकाळी हातात बिल पडलं ११,७४० रुपयांचं.

रात्री ते बिल आणि गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल शेजारी शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. ऑइल, फिल्टर आणि मजुरी मिळून ४,९००. अलाइनमेंट-बॅलन्सिंग (चाकं सरळ रेषेत आणि समतोल करणं) आणि ब्रेक ऑइल यांचे १,२५०, तेही रास्त. उरलेले साडेपाच हजार ज्या कामांचे होते, त्यांचा मॅन्युअलमध्ये उल्लेखसुद्धा नव्हता. ती सगळी कामं माझ्याच सहीने झाली होती. जॉब कार्ड, म्हणजे गाडीवर करायच्या कामांची यादी असलेला कागद, न वाचता मी सही केली होती.

त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसिंगचा हिशेब वहीत लिहीत आले. गाडी आता ६४ हजारांच्या पुढे गेली आहे, रोज पुण्यातली रहदारी आणि वर्षातून तीन-चार वेळा कुंभार्ली घाट उतरून संगमेश्वरला. खालचे आकडे माझ्या वहीतले आणि गॅरेजमध्ये विचारून घेतलेले आहेत. तुमच्या गावात, तुमच्या मॉडेलला शे-दोनशे इकडे तिकडे होतील, पण अंदाज चुकणार नाही.

१. आधी मॅन्युअलमधलं ते एक पान शोधा

प्रत्येक गाडीच्या पुस्तकात मागच्या बाजूला एक तक्ता असतो. डावीकडे इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक ऑइल, कूलंट, बेल्ट अशी यादी आणि वर किलोमीटर व महिने. कुठल्या टप्प्याला काय नुसतं तपासायचं आणि काय बदलायचं, ते तिथे खुणेने दिलेलं असतं. या पानाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर बहुतेक मॉडेलची मिळतात.

मारुतीच्या छोट्या गाड्यांना साधारण असा क्रम असतो: पहिली फ्री सर्व्हिस १,००० किलोमीटर किंवा एका महिन्याला, दुसरी ५,००० किंवा सहा महिन्यांना, तिसरी १०,००० किंवा वर्षाला. पुढे दर १०,००० किलोमीटर किंवा वर्षाला पैसे भरून. फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी माफ असते. ऑइल-फिल्टर बदललं तर त्याचे पैसे द्यावेच लागतात. अनेकांचा पहिला वाद काउंटरवर इथेच होतो.

‘किंवा’ या शब्दाकडे नीट बघा. किलोमीटर किंवा महिने, यातलं जे आधी येईल ते. ‘गाडी वर्षात चारच हजार चालली, ऑइल पुढच्या वर्षी बदलू’ हा विचार महागात पडतो. रोज भाजी मंडई आणि शाळा एवढंच फिरणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही. आत साठलेला ओलावा उडून जात नाही, आणि ऑइल कमी किलोमीटरमध्ये खराब होतं. कमी फिरणाऱ्या गाडीलाही वर्षातून एकदा ऑइल बदलायलाच हवं.

२. कंपनीचं सर्व्हिस सेंटर की ओळखीचं गॅरेज

वॉरंटी आहे तोवर कंपनीचं अधिकृत सेंटर, यावर मी जास्त विचार करत नाही. मारुतीने जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांची मूळ वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली आहे. तेवढ्या काळात सर्व्हिसिंग वेळेवर आणि नोंद राहील अशा ठिकाणी झालेलं बरं; उद्या इंजिनाचं काही निघालं तर पहिला प्रश्न ‘सर्व्हिस रेकॉर्ड दाखवा’ हाच येतो. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची असेल तर मूळ वॉरंटी संपण्याआधी घ्या. मुदत वाढवण्याची चौकशी मुदत उलटल्यावर करणारे बरेच जण भेटले.

वॉरंटी संपल्यावर चांगलं गॅरेज मिळालं तर मजुरीत तीस-चाळीस टक्के सहज वाचतात. चांगलं म्हणजे कसं? तुमच्यासमोर ऑइलचा डबा फोडतो, जुना पार्ट हातात देतो, पार्टच्या खोक्यावरची किंमत दाखवतो आणि पक्की पावती देतो. पावती नसेल तर गाडी विकताना तुमच्या देखभालीचा पुरावा काय? मी वॉरंटीनंतर वर्षाचं सर्व्हिसिंग सेंटरमध्येच ठेवलं, ब्रेक, सस्पेन्शन आणि बॅटरीची कामं मात्र गॅरेजमध्ये नेली. मधला मार्ग मला तरी मानवला.

३. गाडी देण्याआधी

आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटं काढा. बरोबर हे असू द्या:

– सर्व्हिस बुकलेट आणि मागच्या वेळचं बिल
– एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिचा कागद
– विम्याची प्रत (ठोक्याचं काम असेल तरच लागते)
– आरसी फोनमध्ये, डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर
– अलॉय व्हीलला लॉक नट असेल तर त्याचा पाना. तो घरी राहिला की अलाइनमेंट अडकते
– तक्रारींची लिहिलेली यादी

गाडीतली सुटी नाणी, चष्मा, पेन ड्राइव्ह, मूळ कागदपत्रं काढून घ्या. मीटरवरचे किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा एकाच फोटोत येईल असा फोटो काढा. चारही बाजूंचे फोटोही काढा, आधीचे ओरखडे दिसतील असे.

तक्रारी लिहिताना एक गोष्ट पाळा: लक्षण सांगा, इलाज सांगू नका. ‘ब्रेक पॅड बदला’ म्हणालात तर पॅड बदलले जातील आणि बिल लागेल, मग आवाज पॅडचा असो की नसो. त्याऐवजी असं लिहा: ‘सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला पुढून डावीकडून खरखर आवाज, नंतर थांबतो.’ किंवा ‘तिसऱ्या गिअरमध्ये स्पीडब्रेकरवरून उतरताना खालून टक् असा आवाज.’ थंड गाडीत की गरम, सरळ जाताना की वळणावर, किती वेगाला, एवढं सांगितलं तर मेकॅनिकचं निम्मं काम होतं. माझ्या गाडीचा असाच एक टक् आवाज एका ठिकाणी ‘स्टीअरिंग रॅक’ ठरला होता, अंदाजपत्रक बारा हजार. दुसऱ्या गॅरेजमध्ये तो लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधला छोटा दांडा निघाला. मजुरीसकट अकराशे रुपयांत काम झालं.

४. जॉब कार्डवर सही करण्याआधी

सगळा खेळ या दहा मिनिटांचा आहे. ऑफिसला उशीर होत असतो, मागे रांग असते, आणि सर्व्हिस ॲडव्हायझर भराभर बोलत असतो. ‘मॅडम, वीस हजारला हे रेकमेंडेड आहे.’ हे वाक्य ऐकलं की फोनमधलं ते पान उघडा आणि शांतपणे विचारा, ‘सर, या तक्त्यात दाखवता का?’ यात भांडण नाही. त्यांना विक्रीचं टार्गेट असतं, तुम्हाला बजेट असतं. दहापैकी आठ वेळा ती ओळ तिथल्या तिथे खोडली जाते.

माझ्या मते नव्या गाडीला पहिल्या तीन-चार वर्षांत या गोष्टींना नाही म्हणायला हरकत नाही:

*इंजिन फ्लशिंग.* ऑइल वेळेवर बदलत असाल तर आत धुण्यासारखं काही साठत नाही.

*इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, डिकार्बनायझिंग.* गाडी सिग्नलला थरथरत असेल, पिकअप पडला असेल, ॲव्हरेज घटलं असेल तर हे उपाय आहेत. गाडी ठणठणीत असताना दर वर्षी त्यांची गरज नाही.

*टेफ्लॉन कोटिंग, पॉलिश.* हौस असेल तर जरूर करा, पण तो देखभालीचा खर्च धरू नका.

*एसीची जंतुनाशक फवारणी.* एसीतून कुबट वास येत असेल तर आधी केबिन फिल्टर बघा. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, बऱ्याच गाड्यांत स्क्रू ड्रायव्हरशिवाय निघतो, तीन-चारशे रुपयांना मिळतो. काही मॉडेलना तो दिलेलाच नसतो, तेही बघून घ्या.

अंडरबॉडी कोटिंगबद्दल (गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून दिलेला थर) माझं मत थोडं वेगळं आहे. पुण्या-सोलापुरात राहणाऱ्याने त्यावर तीन-चार हजार घालू नयेत. पण गाडी रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यात समुद्राजवळ रोज उभी राहत असेल तर एकदा चांगलं करून घ्यावं. खारं वारं पत्र्याला खातं, हे आमच्या गावाकडच्या गाड्यांचे दरवाजे उघडले की दिसतं.

मग एस्टिमेट लेखी घ्या, आणि जॉब कार्डवर दोन वाक्यं लिहायला सांगा: ‘फोनवर विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ आणि ‘बदललेले पार्ट परत द्यावेत’. दुपारी फोन येतो, ‘मॅडम, ब्रेक पॅड संपलेत.’ तेव्हा विचारा, किती मिलिमीटर उरलेत? फोटो पाठवा. पॅडचं मटेरियल तीन मिलिमीटरच्या आसपास आलं असेल तर बदला, तिथे काटकसर नको. सहा-सात उरलं असेल तर पुढच्या वेळी.

५. बिल वाचायला शिका

छोट्या पेट्रोल गाडीच्या साध्या वार्षिक सर्व्हिसिंगच्या बिलात पार्टच्या मोजून तीन-चार ओळी असतात.

इंजिन ऑइल: साधारण तीन लिटर. हल्लीच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असं पातळ ऑइल लागतं. ‘जाड ऑइल घाला, इंजिन टिकतं’ हा सल्ला जुन्या गाड्यांच्या काळातला आहे. पुस्तकात लिहिलेला ग्रेडच घाला. लिटरला चारशे ते साडेपाचशे धरा. बिलावर साडेतीन-चार लिटर दिसलं तर थांबून विचारा.

ऑइल फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर: दोन्ही मिळून दोनशेच्या आत.

मजुरी: अधिकृत सेंटरमध्ये दोन हजारांच्या आसपास, गॅरेजमध्ये हजार-बाराशे.

अलाइनमेंट, बॅलन्सिंग, टायर अदलाबदल: सहाशे ते नऊशे.

यात टप्प्याटप्प्याने भर पडते. ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि घाटात ब्रेक तापले की तोच ओलावा घात करतो. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग तक्त्याप्रमाणे. खडीच्या रस्त्यावर किंवा ऊसवाहतुकीच्या धुळीत रोज फिरणं असेल तर एअर फिल्टर आधीच बदलावा लागतो. म्हणून चाळीस हजार किलोमीटरचं सर्व्हिसिंग वीस-तीस हजार किलोमीटरच्या मानाने महाग येतं. त्या वर्षी हजार-दीड हजार जास्त धरून ठेवा.

‘कन्झ्युमेबल’ नावाची ओळ बारकाईने बघा. कापड, ग्रीस, क्लीनर असं काहीबाही त्यात येतं. शंभर-दीडशे ठीक, पाचशे असतील तर काय काय वापरलं ते विचारा.

कराचंही सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. टायर आणि बॅटरीही त्यात आल्या. मजुरीवर आधीही १८ होता, आताही १८ आहे. जुनं बिल शेजारी ठेवून तुलना करताना हा फरक ध्यानात असू द्या.

गाडी परत घेताना बॉनेट उघडून डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून बघा: ऑइल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असावं. मग तिथल्याच रस्त्यावर एक चक्कर मारा. पैसे त्यानंतर भरा.

६. सर्व्हिसिंगच्या बिलात न दिसणारा खर्च

नवख्या माणसाला खरा धक्का इथे बसतो, कारण हे खर्च दर वर्षी येत नाहीत. येतात तेव्हा एकरकमी येतात.

*टायर.* माझ्या मॉडेलला १५५/८० आर१३ मापाचे लागतात, एक साडेतीन हजारांच्या आगेमागे. चार टायर, फिटिंग, बॅलन्सिंग धरून पंधरा हजार. माझे ४६ हजार किलोमीटरला बदलले. टायरच्या खाचांत छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खोली १.६ मिलिमीटर उरली, टायर बदलायचाच. विकत घेताना टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. ‘२३२५’ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. दीड-दोन वर्षं दुकानात पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका. हवा दर पंधरा दिवसांनी तपासा. किती पीएसआय ते ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. स्टेपनीतही हवा भरा. तिची आठवण येते ती पंक्चर झाल्यावरच.

*बॅटरी.* तीन ते चार-पाच वर्षं. माझी तीन वर्षं दहा महिन्यांनी गेली. जुनी परत देऊन नवी साडेतीन-चार हजारांत. सकाळी स्टार्टर रेंगाळायला लागला की बॅटरीच्या दुकानात टेस्ट करून घ्या, सहसा पैसे घेत नाहीत. घाटात मध्यरात्री बंद पडण्यापेक्षा महिनाभर आधी बदललेली स्वस्त.

*ब्रेक पॅड आणि क्लच.* पुढचे पॅड मजुरीसह दोन-अडीच हजार. क्लच प्लेट-प्रेशर प्लेट सात ते दहा हजार, आणि ती किती चालेल हे तुमच्या डाव्या पायावर आहे. चढावर सिग्नलला हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय असेल तर चाळीस हजार किलोमीटरमध्येही जाते. हँडब्रेक लावा. घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नको. गाडी न्यूट्रल करून तर कधीच नको.

*सीएनजी असेल तर* टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करावी लागते. तारीख टाकीच्या प्लेटवर असते. मुदत संपली की पंपावर गॅस नाकारतात. टाकी उतरवून तपासायला वेळ लागतो, म्हणून महिनाभर आधी नंबर लावा.

७. विमा आणि पीयूसी

थर्ड पार्टी विम्याचा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या) हप्ता सरकारने ठरवलेला असतो. जून २०२२ च्या दराप्रमाणे हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६, वर जीएसटी. संपूर्ण विमा त्याहून बराच जास्त. माझा साडेआठ हजारांच्या घरात जातो.

क्लेम न घेतल्यास मिळणारी नो क्लेम बोनसची सूट २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढत जाते. ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. बंपरला ओरखडा आला, तीन हजारांचं काम आहे, म्हणून क्लेम टाकण्याआधी हिशेब करा. पहिले हजार रुपये तुम्हाला भरावेच लागतात आणि वर साठलेली सूट शून्यावर येते. विमा संपून ९० दिवस उलटले तरी ती सूट जाते.

पीयूसी नव्या गाडीला वर्षभर लागत नाही, नंतर दर वर्षी काढायची. खर्च शे-दीडशेचा आहे. तारीख फोनमध्ये टाकून ठेवा.

८. पावसाळ्याआधी

मे महिन्यात वायपरचं रबर बदला, जोडी पाच-सातशेची. काचेखालच्या जाळीत अडकलेली पानं हाताने काढा. तिथलं पाणी तुंबलं की गाडीच्या आत उतरतं. कोकणातून परतल्यावर गाडीचं पोट नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने धुवून घ्या. लाल चिखल चाकांच्या कमानीत बसून राहतो आणि ओलावा धरून ठेवतो.

गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर स्टार्टर मारल्यावर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुधा नाकारलं जातं. धक्का मारून बाजूला घ्या, टोइंग बोलवा. पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कलम विम्यात घेण्यासारखं आहे.

आणि उंदीर. गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर बॉनेटखाली रोज नजर टाका. वायर कुरतडल्या की बिल हजारांत जातं.

९. महिन्याचा हिशेब

वर्षाला दहा हजार किलोमीटर धरून माझ्या वहीतलं पान असं आहे:

– वार्षिक सर्व्हिसिंग: ६,५००
– विमा: ८,५००
– टायर (पंधरा हजार, साडेचार-पाच वर्षांत वाटून): ३,२००
– बॅटरी: १,०००
– मधली एक अलाइनमेंट-बॅलन्सिंग: ८००
– ब्रेक पॅड: ७००
– क्लच, सस्पेन्शनसाठी बाजूला: १,८००
– वायपर, बल्ब, पंक्चर, पीयूसी: १,५००

बेरीज २४,०००. म्हणजे महिना दोन हजार, किलोमीटरला दोन रुपये चाळीस पैसे, पेट्रोल आणि धुलाई सोडून. हे दोन हजार मी दर महिन्याला वेगळ्या रिकरिंग खात्यात टाकते. टायरचे पंधरा हजार त्यातूनच गेले, घरखर्चाला हात लावावा लागला नाही. जुनी गाडी घेतली असेल तर पहिल्या वर्षी दुप्पट धरा, कारण आधीच्या मालकाने टाळलेली कामं तुमच्या वाट्याला येतात.

सर्व्हिसिंगची तारीख गणपती किंवा दिवाळीच्या तोंडावर येत असेल तर तीन आठवडे आधीच नंबर लावा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुंबई-पुण्यातली सगळी सेंटर कोकणात निघालेल्या गाड्यांनी भरलेली असतात. काम घाईत उरकलं जातं, आणि चाकाचे नट नीट आवळले की नाही हे बघायला कुणाला वेळ नसतो. तशा दिवसांत गाडी मिळालीच तर डिकीतला पाना काढून चारही चाकांचे नट स्वतः तपासा आणि मगच घाटाकडे वळा.